अप्लास्टिक ॲनिमिया: बी जळालं की जमीन नापीक झाली?

ट्रेफाइन_नवशिका

नमस्कार. प्रश्न पॅथॉलॉजीच्या पीजींचा आहे, पण हिमॅटॉलॉजीवाल्यांनीही लिहावं.

अप्लास्टिक ॲनिमिया म्हणजे मॅरो (हाडातला मगज) रक्तपेशी बनवणं जवळपास थांबवतो तो आजार. त्याची ट्रेफाइन, म्हणजे सुईने काढलेला मॅरोचा तुकडा, मायक्रोस्कोपला लावली की डोळ्यांत भरते ती चरबी. पेशी गायब, नुसती पांढरी भोकं. पुस्तकात एके ठिकाणी असतं की प्रतिकारशक्तीच्या टी पेशी स्टेम सेल (रक्ताच्या मूळ पेशी, म्हणजे 'बी') मारतात, आणि दोन परिच्छेद खाली असतं की मॅरोचं मायक्रोएन्व्हायर्नमेंटही बिघडलेलं असतं. या दोन वाक्यांचा आपसात संबंध काय, ते कुणी सांगत नाही. स्ट्रोमा (मॅरोच्या आधारपेशी, म्हणजे 'जमीन') आधी बिघडतो आणि म्हणून पेशी मरतात, की पेशी मेल्यावर रिकाम्या जागेत चरबी भरते? आणि स्लाइडवर या 'जमिनी'त नेमकं काय बघायचं, की फक्त सेल्युलॅरिटीचा (मॅरोची किती जागा पेशींनी भरली आहे त्याचा) टक्का लिहून मोकळं व्हायचं?

शेवटचं थोडं वेगळं. 'मॅरोची जमीन सुधारणाऱ्या' मेझेनकायमल (आधारपेशी बनवणाऱ्या) स्टेम सेलच्या सलाइनची जाहिरात पेशंटचे नातेवाईक मोबाइलवर दाखवतात. त्यांना काय सांगायचं?

काच_आणि_स्लाइड

आधी एक घोळ मिटवतो, कारण नातेवाईक हमखास तिथेच अडकतात. इथे एन्व्हायर्नमेंट म्हणजे बेंझिन, कीटकनाशकं हे बाहेरचं वातावरण नव्हे. हाडाच्या आत स्टेम सेलच्या आजूबाजूला जे असतं ते: सायनसॉइडच्या भिंतीतल्या एंडोथेलियल पेशी, त्यांना बिलगलेल्या मेझेनकायमल पेशी, हाडाच्या कडेचे ऑस्टिओब्लास्ट, चरबीपेशी, मॅक्रोफेज. १९७८ मध्ये स्कोफिल्ड यांनी या जागेला 'निश' म्हटलं. आपल्याला कोनाडा म्हणायला हरकत नाही.

आता स्लाइड. खरं तर बऱ्याच चुका मायक्रोस्कोपखाली होतच नाहीत, बायोप्सीच्या टेबलावर होतात. पोस्टीरियर इलियाक क्रेस्टमधून (कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेतून) जमशिदी सुईने काढलेला तुकडा किमान २ सेंमी हवा, कारण प्रोसेसिंगमध्ये तो पाव हिस्सा आकसतो. कॉर्टेक्सलगतचा (हाडाच्या बाहेरच्या कडक थराजवळचा) मॅरो निरोगी माणसातही, विशेषतः वय वाढल्यावर, चरबीनेच भरलेला असतो. तुकडा ८ मिमीचा, त्यात निम्मा कॉर्टेक्स, उरलेला कॉर्टेक्सलगतचा, आणि रिपोर्ट 'मार्केडली हायपोसेल्युलर'. हा अप्लास्टिक ॲनिमिया नव्हे, आखूड तुकडा आहे. पुन्हा मागवा.

उलटी चूकही होते. अप्लास्टिक ॲनिमियात मॅरो सगळीकडे सारखा रिकामा नसतो. मधेमधे पेशींची बेटं उरतात आणि सुई नेमकी बेटावर गेली तर ॲस्पिरेट (सुईने ओढलेला पातळ मॅरो) भरलेलं दिसतं. म्हणून एकट्या ॲस्पिरेटवर निदान नको. स्मिअरसाठी पहिलं अर्धा मिली पुरे. जास्त ओढलं की रक्तच येतं आणि मग कुठलाही मॅरो रिकामा वाटतो. खऱ्या अप्लास्टिक ॲनिमियात ॲस्पिरेट सहसा सहज निघतं, काचेवर तेलाचे थेंब चमकतात. कण दिसतात, पण आत चरबीचा सांगाडा आणि त्यात अडकलेल्या लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी, मॅक्रोफेज, मास्ट पेशी. ड्राय टॅप आली (ओढूनही काही निघालं नाही) तर अप्लास्टिक ॲनिमियाच्या आधी फायब्रोसिस (तंतू माजणं) किंवा बाहेरच्या पेशींच्या घुसखोरीचा विचार करा.

टक्का वयाशी ताडून बघायचा. १०० वजा वय हा ढोबळ हिशोब चालतो: २० व्या वर्षी ८० टक्के पेशी अपेक्षित, ७० व्या वर्षी ३०. सिव्हिअर म्हणायला १९७६ चे कॅमिट्टा निकष आजही तेच आहेत. सेल्युलॅरिटी २५ टक्क्यांखाली (किंवा २५ ते ५० च्या मधे, पण त्यात रक्तनिर्मितीच्या पेशी ३० टक्क्यांहून कमी), आणि रक्तात दर मायक्रोलिटरला तीनपैकी दोन गोष्टी: न्यूट्रोफिल ५०० खाली, प्लेटलेट २०,००० खाली, रेटिक्युलोसाइट (कोवळ्या तांबड्या पेशी) २०,००० खाली. मशीनवरच्या मोजणीला रेटिकची रेघ ६०,००० धरतात. न्यूट्रोफिल २०० खाली म्हणजे व्हेरी सिव्हिअर.

आणि जमिनीत बघायचं ते हे. रेटिक्युलिन (मॅरोतले बारीक तंतू) स्टेन प्रत्येक केसला लावा. अप्लास्टिक ॲनिमियात रेटिक्युलिन वाढत नाही. वाढलेलं दिसलं तर हायपोप्लास्टिक एमडीएसकडे (मॅरो रिकामा, पण स्टेम सेलच बिघडलेल्या, ल्युकेमियाकडे झुकणारा आजार) वळा. सीडी३४ (आदिम रक्तपेशींची खूण) लावा. अप्लास्टिक ॲनिमियात शोधूनही मोजक्याच सापडतील, एमडीएसमध्ये त्या नॉर्मल किंवा जास्त, कधी पुंजक्याने. मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी) सीडी६१ वर बघा. छोटे, एका केंद्रकाचे दिसले तर ते अप्लास्टिक ॲनिमियाचं लक्षण नाही. तांबड्या पेशींच्या पूर्वजांत थोडा वेडेवाकडेपणा मात्र इथेही चालतो, त्यावरून एमडीएस ठोकू नका.

एक जागा हमखास चुकते. भोकं आहेत, पण चरबीपेशींच्या कडा स्वच्छ नाहीत, त्या आकसल्यात आणि मधे गुलाबीसर, दाणेदार, जेलीसारखं काहीतरी पसरलंय. ते जिलेटिनस ट्रान्सफॉर्मेशन. पीएच २.५ चा अल्शियन ब्लू लावला की निळं उमटतं. उपासमार, टीबी, एचआयव्ही, खाणं सोडलेला पेशंट अशांत दिसतं. पॅनसायटोपेनिया (तिन्ही रक्तपेशी कमी) इथेही असतो, पण उपचार अन्न आणि मूळ आजाराचा, एटीजीचा (टी पेशी मारणाऱ्या औषधाचा) नाही. जमीन वाचली नाही तर हा पेशंट चुकीच्या वॉर्डात जातो.

ट्रेफाइन_नवशिका

आमच्याकडे डीकॅल्सिफिकेशन (तुकड्यातल्या हाडातलं कॅल्शियम काढणं) ॲसिडमध्ये होतं. सीडी३४ फिका येतो तो त्यामुळेच का?

काच_आणि_स्लाइड

शक्यता तीच. नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिडने हाड काही तासांत मऊ होतं, पण अँटिजेन आणि डीएनए दोन्ही जातात. न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये रात्रभर फिक्स करा, मग न्यूट्रल पीएचच्या ईडीटीएमध्ये एक-दोन दिवस, द्रावण हलतं ठेवून. रिपोर्ट एक दिवस उशिरा जाईल, पण ब्लॉकमधून पुढे मॉलिक्युलर टेस्ट करता येईल. सेक्शन ३ मायक्रॉनचे. आणि ओल्या ॲस्पिरेट स्मिअरशेजारी फॉर्मालिनची उघडी बाटली ठेवू नका. वाफेने स्मिअर निळसर, धुरकट होतात आणि दोष स्टेनला जातो.

उंदीरखाना

पहिल्या प्रश्नाकडे. बी की जमीन, हा वाद रक्तशास्त्रात जुना आहे आणि त्याचा अतिशय देखणा प्रयोग उंदरांवर झालेला आहे. दोन जातींचे ॲनिमिक उंदीर. डब्ल्यू उंदरात स्टेम सेलवरचा सी-किट हा रिसेप्टर खराब, म्हणजे बी खराब. स्टील उंदरात त्या रिसेप्टरला धरणारा स्टेम सेल फॅक्टर खराब, तो स्ट्रोमा बनवतो, म्हणजे जमीन खराब. निरोगी मॅरो डब्ल्यू उंदराला दिला की तो बरा होतो. स्टील उंदराला दिला तर काही फरक नाही. आणि गंमत म्हणजे आजारी स्टील उंदराचा मॅरो डब्ल्यू उंदराला बरा करतो, कारण बी चांगलंच होतं, वाफा वाईट होता.

आता हीच कसोटी माणसाच्या अप्लास्टिक ॲनिमियाला लावा. प्लेटमध्ये स्ट्रोमाचा थर वाढवून त्यावर सीडी३४ पेशी पेरतात, त्याला लाँग टर्म कल्चर म्हणतात. उलटापालट केली तर चित्र बहुतेक वेळा असं येतं: पेशंटच्या स्ट्रोमावर निरोगी पेशी उगवतात, निरोगी स्ट्रोमावर पेशंटच्या पेशी उगवत नाहीत. दुसरा पुरावा ट्रान्सप्लांटचा. त्यानंतर रक्त संपूर्णपणे दात्याचं होतं, पण स्ट्रोमा बहुतांशी पेशंटचाच राहतो. त्याच जुन्या जमिनीवर नवं पीक वर्षानुवर्षं उभं राहतं. जमीन मुळातच नापीक असती तर हे झालं नसतं.

मग मारतं कोण? १९७० मध्ये पॅरिसच्या माथे यांनी अँटिलिम्फोसाइट ग्लोब्युलिनने (एटीजीच्याच जातीच्या औषधाने) तयारी करून अर्धवट जुळणारा मॅरो दिला. मॅरो रुजला नाही, पण पेशंटचा स्वतःचाच मॅरो परत आला. एकसारख्या जुळ्या भावंडाचा मॅरो नुसता सोडल्यावर अनेकदा रुजत नाही, आधी इम्युनोसप्रेशन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) दिलं की रुजतो, हेही त्याच दिशेला बोट दाखवतं. सायटोटॉक्सिक टी पेशी आणि इंटरफेरॉन गॅमा, टीएनएफ अल्फा ही दाहाची रसायनं, हे मुख्य आरोपी.

पण म्हणून स्ट्रोमा निर्दोष सुटत नाही, आणि पुस्तकातलं दुसरं वाक्य इथे जुळतं. मॅरो कल्चरमध्ये इंटरफेरॉन गॅमा बाहेरून ओतण्यापेक्षा स्ट्रोमाच्याच पेशींना तो थोडा थोडा, सतत बनवायला लावला तर आदिम पेशींची वाढ कितीतरी जास्त दबते. म्हणजे विष किती, यापेक्षा ते कुठे पाझरतं हे महत्त्वाचं. पेशंटच्या मेझेनकायमल पेशी वेगळ्या काढून वाढवल्या तर अनेक प्रयोगशाळांना त्या सुस्त आढळल्या. विभाजन कमी, मरण्याकडे कल, आणि ऑस्टिओब्लास्ट होण्याऐवजी चरबीपेशी होण्याची ओढ. पीपार गॅमा हा चरबीचा स्विच वर, त्याला आवरणारा गाटा२ खाली. रक्तवाहिन्यांची दाटी कमी आणि उपचार लागू पडल्यावर वाढलेली, असंही नोंदवलं गेलं आहे. हे सगळं आग लागल्यानंतरचं घर आहे असं माझं मत. आग लावणारा दुसरा, पण भिंती तापलेल्या असतात आणि आत कुणाला राहू देत नाहीत.

चरबीबद्दल: हाड ही कडक पेटी आहे. पेशी गेल्या की जागा कशाने तरी भरणारच, आणि ती चरबीने भरते. काउंट परतले की ती मागे सरते.

वाफसा

चरबी इतकी निरुपद्रवी समजू नका. २००९ मध्ये उंदरांत दाखवलं होतं की मॅरोतली चरबीपेशी रक्तनिर्मितीला ब्रेक लावते. चरबीच न बनवू शकणाऱ्या उंदरांत रेडिएशननंतर मॅरो लवकर भरला. मग स्लाइडवरची चरबी नुसती 'भरणी' कशी? ती सुधारणा अडवतही असेल.

उंदीरखाना

मुद्दा बरोबर, पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१७ मध्ये त्याच जातीच्या चरबीहीन उंदरांत दुसऱ्या गटाला उलटं दिसलं. लांब हाडांत चरबी नव्हती तेव्हा मॅरो उशिरा सावरला, कारण संकटकाळी चरबीपेशीच स्टेम सेल फॅक्टर पुरवत होत्या. शेपटीच्या मणक्यांत मात्र तो उशीर नव्हता. म्हणजे हाड कुठलं आणि चरबी कुठल्या टप्प्यावरची, यावर उत्तर बदलतं. पीपार गॅमा रोखणाऱ्या औषधाने इम्यून अप्लास्टिक ॲनिमियाच्या उंदरांना फायदा झाला खरा, पण त्या औषधाने टी पेशीही दबल्या होत्या. चरबी कमी झाल्याने फायदा झाला, असं त्यावरून छातीठोक म्हणता येत नाही. 'तेलकट खाणं बंद केलं तर मॅरोतली चरबी कमी होईल का' हा नातेवाइकांचा प्रश्न तर पूर्ण वेगळ्या गावचा. नाही होत.

एटीजी_दिवस_चौथा

उपचाराच्या बाजूने. जमिनीची ही चर्चा वॉर्डात तीन ठिकाणी उपयोगी पडते.

पहिली, ट्रान्सप्लांट. वय ४० खाली आणि पूर्ण जुळणारं सख्खं भावंड असेल तर सिव्हिअर आजारात पहिली पसंती तीच. कंडिशनिंग (ट्रान्सप्लांटआधीची तयारी) म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड एकूण २०० मिग्रॅ प्रतिकिलो, चार दिवसांत, सोबत एटीजी. ही औषधं लिम्फोसाइट मारायला आहेत. स्ट्रोमा दुरुस्त करणारं त्यात काहीही नाही, तरी मॅरो रुजतो. दात्याकडून बोन मॅरोच घ्यावा, पेरिफेरल स्टेम सेल नको, क्रॉनिक जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींचा पेशंटच्या शरीरावर हल्ला) वाढतो. ग्राफ्ट फेल्युअर होतं (मॅरो रुजत नाही) तेव्हाही नाव जमिनीचं घेतात, पण मोठं कारण आधी दिलेल्या रक्तामुळे सेन्सिटाइझ झालेला, म्हणजे परक्या पेशींविरुद्ध आधीच सज्ज झालेला पेशंट. म्हणून ट्रान्सप्लांटची शक्यता असेल तोवर घरच्यांचं रक्त देऊ नका, ल्युकोरिड्यूस्ड (पांढऱ्या पेशी गाळलेलं) द्या, आणि एटीजी सुरू झाल्यापासून इरेडिएटेड (किरण दिलेलं).

दुसरी, एल्ट्रोम्बोपॅग. या पेशंटच्या रक्तात थ्रोम्बोपोएटिन (प्लेटलेट आणि स्टेम सेलना वाढवणारं संप्रेरक) आधीच प्रचंड वाढलेलं असतं, मग त्याचीच नक्कल करणारी गोळी कशी चालते, हा प्रश्न बरीच वर्षं छळत होता. उत्तर या जमिनीतच मिळालं. इंटरफेरॉन गॅमा थ्रोम्बोपोएटिनला चिकटतो आणि त्याला रिसेप्टरवर नीट बसू देत नाही. एल्ट्रोम्बोपॅग त्याच रिसेप्टरला वेगळ्या जागी धरतं, त्यामुळे ते या अडथळ्याला वळसा घालतं. २०२२ च्या रेस ट्रायलमध्ये घोड्याचं एटीजी आणि सायक्लोस्पोरिन (टी पेशी दाबणारं औषध) यांना एल्ट्रोम्बोपॅग जोडल्यावर सहा महिन्यांचा प्रतिसाद ४१ वरून ६८ टक्क्यांवर गेला. मोठ्यांना रोज १५० मिग्रॅ. पूर्व आणि आग्नेय आशियाई वंशाच्या पेशंटना डोस निम्मा. एलएफटी (लिव्हरची तपासणी) नियमित.

ही गोळी कॅल्शियमला चिकटते आणि मग पोटातून शोषली जात नाही. दूध, दही, ताक, पनीर, कॅल्शियमच्या गोळ्या, अँटासिड यांच्या दोन तास आधी किंवा चार तास नंतर. आपल्याकडे 'अशक्तपणा आहे' म्हणून सकाळी नाचणीची खीर किंवा आंबील दुधा-ताकात करून देतात आणि त्याबरोबरच गोळीही. नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिग्रॅपेक्षा जास्त कॅल्शियम, वर दुधाचं वेगळं. गोळी 'लागू पडत नाही' म्हणण्याआधी ती कशाबरोबर घेतात ते विचारा. रात्री झोपताना, जेवणानंतर चार तासांनी घेणं बहुतेकांना जमतं.

तिसरी, लोह. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिग्रॅ लोह जातं आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. लोहाचा साठा मॅरोच्या आधारपेशींनाही मानवत नाही. चिलेशननंतर (औषधाने लोह बाहेर काढल्यावर) काही पेशंटचे काउंट सुधारल्याच्या नोंदी आहेत. फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा आकडा) १००० च्या वर टिकून राहिलं की विचार करा. लोह काढणारं डेफेरासिरॉक्स आणि सायक्लोस्पोरिन दोन्ही किडनीवर ताण देतात, क्रिएटिनिन सांभाळा. लोह काढणारंच डेफेरिप्रोन मात्र इथे नको, ॲग्रॅन्युलोसायटोसिसचा (न्यूट्रोफिल कोसळण्याचा) धोका आहे.

एटीजीचं थोडक्यात: घोड्याचं, ४० मिग्रॅ प्रतिकिलो रोज, चार दिवस. सशाचं त्याला पर्याय नाही. २०११ च्या तुलनेत घोड्याच्या एटीजीला सहा महिन्यांत ६८ टक्के प्रतिसाद, सशाच्या ३७. त्या चार दिवसांत प्लेटलेट २०,००० च्या वर ठेवा. सीरम सिकनेस (घोड्याच्या प्रथिनांवरची ताप-सांधेदुखीची रिॲक्शन) साधारण दुसऱ्या आठवड्यात येतो, प्रेडनिसोलोन १ मिग्रॅ प्रतिकिलो हे त्यासाठी, आजारासाठी नव्हे. नुसत्या स्टेरॉइडवर महिनोन्महिने ठेवलेला पेशंट बुरशीच्या संसर्गाने जातो. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने, तेवढ्यात घाईने निकाल लावू नका. सायक्लोस्पोरिन किमान वर्षभर आणि उतरवायचं ते हळूहळू, झटक्यात बंद केलं की आजार उलटतो.

आणि हो, काउंट सुधारले म्हणून लगेच बायोप्सी करून 'मॅरो अजून हायपोसेल्युलर' अशी बातमी देऊ नका. रक्त आधी सावरतं, मॅरो मागून भरतो, कधी पूर्ण भरतही नाही.

ट्रेफाइन_नवशिका

मेझेनकायमल सलाइनचं राहिलं.

एटीजी_दिवस_चौथा

तर्क ऐकायला गोड आहे: जमीन बिघडली, नवी माती घाला. अडचण अशी की शिरेतून दिलेल्या मेझेनकायमल पेशी बहुतांशी फुप्फुसांत अडकतात आणि मॅरोत जाऊन स्थायिक होत नाहीत. वर लिहिलंय तेच पुन्हा, ट्रान्सप्लांट जुन्या जमिनीवरच यशस्वी होतो, म्हणजे माती बदलणं ही अटच नाही. दाहावर त्यांचा काही परिणाम होतो का, हे अभ्यासण्यासारखं आहे, पण प्रस्थापित उपचारांत त्यांना जागा नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या मान्य आजारांसाठीचा हिमॅटोपोएटिक स्टेम सेल ट्रान्सप्लांट सोडला तर बाकी स्टेम सेल वापर मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. नातेवाइकांना एवढंच विचारायला सांगा: ट्रायलचा सीटीआरआय (देशातल्या ट्रायलच्या नोंदवहीचा) नंबर काय, आणि बिल का? त्या सलाइनवर घालवलेले दोन महिने न्यूट्रोफिल २०० असलेल्या पेशंटला परवडत नाहीत.

काच_आणि_स्लाइड

एक भर. तरुण पेशंटमध्ये 'जमीन' म्हणण्याआधी जन्मजात बी तपासा. फॅन्कोनीसाठी (मॅरो आटवणारा जन्मजात आजार) क्रोमोझोम ब्रेकेज हेपरिनच्या ट्यूबमध्ये, पीएनएच क्लोनसाठी (अप्लास्टिक ॲनिमियाशी जोडलेल्या, तांबड्या पेशी फुटण्याच्या आजाराच्या पेशी) फ्लेअर फ्लो सायटोमेट्री ईडीटीएमध्ये. पीएनएचला मॅरो नको, शिरेतलं रक्त पाठवा, शक्यतो त्याच दिवशी. रक्त नुकतंच चढवलं असेल तर तांबड्या पेशींवरचा क्लोन कमी दिसतो, न्यूट्रोफिल आणि मोनोसाइटवरचा आकडा खरा धरा. अंगठा किंवा उंची वेगळी, नखं खराब, अकाली केस पिकलेले, घरात लिव्हर किंवा फुप्फुसाचं फायब्रोसिस असेल तर टेलोमिअरची (क्रोमोझोमच्या टोकांची) लांबीही. इम्यून नसलेल्या आजारावर एटीजी वाया जातं.

आणि रिपोर्टमध्ये जमिनीबद्दल काय लिहायचं, तर निदान एवढं: 'तुकडा २.१ सेंमी, मूल्यमापनयोग्य इंटरट्रॅबेक्युलर जागा १२, सेल्युलॅरिटी ५ टक्के, वयाच्या मानाने खूप कमी. चरबीपेशी शाबूत, जिलेटिनस बदल नाही. रेटिक्युलिन वाढलेलं नाही. सीडी३४ पेशी १ टक्क्याहून कमी, पुंजके नाहीत. मेगाकॅरिओसाइट जवळपास नाहीत. ग्रॅन्युलोमा किंवा घुसखोरी नाही.' सेल्युलॅरिटीचा एकटा टक्का लिहून पाठवलात तर वॉर्डातून फोन येणारच, आणि तो बरोबरच आहे.